स्वर्गाची खिडकी आणि मागचा स्वयंपाक

पडद्यावर अक्षरं उमटली आणि अख्ख्या हॉलने हंबरडा फोडला.

पडदा म्हणजे खरं तर एक पांढरी चादर होती, पण बेटावरच्या आपिया शहराच्या वेशीवरच्या त्या पत्र्याच्या हॉलमध्ये तिला चादर म्हणायची कोणाची टाप नव्हती. ती 'स्वर्गाची खिडकी' होती. दर रविवारी पांढरे कपडे घातलेली माणसं तिच्यासमोर दाटीवाटीने बसत. मेलेल्या किंवा हरवलेल्या माणसाचं नाव आणि गाव सांगायचं, पाद्री सोलोमोनाने ते लॅपटॉपवर टाइप करायचं, आणि पलीकडून निरोप यायचा. पहिल्यांदा येणाऱ्याला बहुतेक वेळा एकच ओळ मिळायची: "आत्मा अजून प्रवासात आहे. पुढच्या रविवारी या." पुढच्या रविवारी मात्र आत्मा बिनचूक पोचलेला असायचा.

"टेलिफोनवाल्यांचे टॉवर वादळात आडवे होतात!" सोलोमोना गर्जायचा. "माझ्या बापाचा टॉवर कधी पडला? बोला!"

"कधीच नाही!"

"माझ्या बापाला रिचार्ज मारावा लागतो?"

"नाही!"

बापाला लागत नसेल, पण सोलोमोनाला लागायचा, आणि तो डुकरं, मासळीचे बंद डबे आणि चटया अशा रूपात घ्यायचा.

त्या दिवशी पुढे फुआतिनो उभी होती आणि तिच्याशेजारी तिची मुलगी लुपे. फुआतिनोचा मुलगा पेसामिनो एका पहाटे छोटी होडी घेऊन मासेमारीला गेला होता. होडी उलटी सापडली, तो सापडला नाही. शोधायला गेलेल्या बोटी परत येऊनही बरेच महिने लोटले होते.

पडद्यावर लिहून आलं: "आई, मी पेसामिनो. होडी उलटली, पण मी बुडालो नाही. मी एका बेटावर आहे. त्या सकाळी आपण दोघांनी गुडघे टेकून केलेली प्रार्थना माझ्याजवळ आहे. माझ्यासाठी शेवटची प्रार्थना करू नकोस."

फुआतिनो जमिनीवर कोसळली. बायका तिच्याभोवती धावल्या. लुपेने आईचं डोकं मांडीवर घेतलं आणि पडदा पुन्हा एकदा वाचला. तिला काही वाटलं नाही. बसून बसून पाय बधिर होतो, चिमटा काढला तरी कळत नाही, तशी ती बोटी परतल्या त्या दिवसापासून सगळीच झाली होती. ती कॉलेजला जायची, बसमध्ये जागा मिळाली तर बसायची, ताटात पडेल ते खायची. एकदाही रडली नव्हती. आताही तिच्या मनात एकच गोष्ट आली, तीही थंडपणे, कोणी तारीख सांगावी तशी. त्या सकाळी घरात कोणीही गुडघे टेकले नव्हते.

"बेटावरून परत यायचं तर होडी हवी," सोलोमोना मधाळ आवाजात म्हणाला. "होडीला शीड हवं. फुआतिनो, तुझ्या सासूने विणलेली इए तोगा आहे ना घरात? ती चटई दे. स्वर्गात तिचंच शीड होईल."

ती चटई सासूने डोळे जाईपर्यंत विणली होती. हातात घेतली तर कापडासारखी घसरायची. घरात कोणी गेलं तर त्याच्या शेवटच्या प्रार्थनेत अंथरायची, म्हणूनच ती जपून ठेवलेली. फुआतिनोने रडत रडत मान हलवली.

"आई, ती पेसामिनोच्या प्रार्थनेसाठी आहे," परतताना बसमध्ये लुपे म्हणाली.

"जिवंत माणसाची शेवटची प्रार्थना? जीभ झडो तुझी! तुला काय, तुझ्या डोळ्यांतून टिपूस तरी आलं का? दगड आहेस तू, दगड."

आई खोटं बोलत नव्हती.

कॉलेजात त्या आठवड्यात मेरिता मॅडमनी नवा धडा काढला. मॅडम ठेंगण्या, आवाज मोठा, आणि विद्यार्थ्यांची फिरकी घेतल्याशिवाय त्यांचा तास सुरू व्हायचा नाही.

"तुम्ही सगळी चांगल्या घरची मुलं दिसता. घरी पाहुणा आला की कुठे बसतो?"

"पुढे!"

"आणि स्वयंपाक?"

"मागच्या झोपडीत."

"पाहुणा उठून मागे डोकावतो का?"

"डोकावला तर आमच्या आईची अब्रू जाईल!" मागून एकजण म्हणाला.

"तेच तर. वेबपानाचंही तसंच. पुढे येतं ते ताट. ते आधीपासून वाढून ठेवलेलं नसतं. तुम्ही मागितलंत की मागे सर्व्हरवर आपण लिहिलेल्या आज्ञा चालतात, डेटाबेस नावाच्या टोपलीतून हवं ते काढतात, पानातल्या रिकाम्या जागांत भरतात, आणि ताट पुढे येतं. आता टोपलीत नीरफणस नसला तर?"

"ताटात येणार नाही."

"येणार नाही! मग संगणक कितीही महाग असू दे."

मग प्रत्येकाने आपलं नाव, गाव आणि आवडीचा पदार्थ डेटाबेसच्या तक्त्यात भरला आणि नाव विचारणारं पान लिहायला घेतलं. लुपेने नाव टाकलं आणि पान म्हणालं, "ये लुपे, तुला नीरफणस आवडतो ना?" वर्ग खिदळत होता, जो तो स्वतःच्या पानाशी गप्पा मारत होता.

"आता तक्त्यात नसलेलं नाव टाका," मॅडम म्हणाल्या. "तेव्हा पान काय म्हणणार, तेही तुम्हीच लिहायचं."

शेजारणीने लिहिलं, "माफ करा." लुपेची बोटं आपोआप चालली. मॅडम फिरत फिरत तिच्यामागे आल्या आणि थबकल्या. पानावर होतं: "आत्मा अजून प्रवासात आहे. पुढच्या रविवारी या."

"हे काय गं?"

लुपेने सगळं सांगितलं. भावाचं, पडद्याचं, न झालेल्या प्रार्थनेचं, चटईचं. बसचं वेळापत्रक वाचावं तशा आवाजात सांगितलं, त्यामुळे मॅडमना ते ऐकवेना.

"त्या प्रार्थनेचं पानाला कोणी सांगितलं असेल?" त्यांनी विचारलं.

"आईने," लुपे म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला ते कळलं. "आईने विलीला सांगितलं होतं."

विली सोलोमोनाचा मदतनीस. गोड माणूस. घरात कोणी गेलं, की हा बिस्किटांचा डबा घेऊन सांत्वनाला हजर. मांडी घालून बसायचा, कोको प्यायचा, मान हलवायचा. सांत्वनाला आलेल्या पाहुण्यापुढे घरचे लोक मन मोकळं करतात, आणि नंतर आपण त्याला काही 'सांगितलं' असं कोणाच्या ध्यानातही राहत नाही. तो काही चौकशीला आलेला नसतो ना, दुःखात वाटेकरी व्हायला आलेला असतो! विली असा शेकडो घरांत वाटेकरी होऊन आला होता.

"छान," मेरिता मॅडम म्हणाल्या. "माझ्याही घरी एक मयत झालीय म्हणू या."

"कोणाची?"

"तुझी."

लुपेचं बाप्तिस्म्याचं नाव लुपेसिना. गावात ते कोणी वापरत नव्हतं. रविवारी मॅडम हॉलमध्ये गेल्या, रडवेलं तोंड करून भाचीचं नाव सांगितलं, लुपेसिना, आणि गाव स्वतःचं सांगितलं. आत्मा अर्थातच प्रवासात होता. त्याच आठवड्यात विली बिस्किटं घेऊन दारात! मॅडमनी त्याला पोटभर कोको पाजला आणि सांगितलं, की भाची तापाने गेली, कॉलेजात हुशार होती, नीरफणसावर तिचा फार जीव.

पुढचा रविवार चटई द्यायचा होता. फुआतिनो ती छातीशी धरून पहिल्या रांगेत बसली होती, शेजारी लुपे. मेरिता मॅडम पुढे गेल्या. सोलोमोनाने डोळे मिटले, नाव टाइप केलं, आणि चादरीवर उमटलं:

"मी लुपेसिना. ताप उतरला आहे. मावशी, तुझ्या हातच्या नीरफणसाची आठवण येते. मी देवाच्या पायाशी आहे. इथे भूक नाही, दुःख नाही, काहीच जाणवत नाही."

हॉल हुंदके देऊ लागला. मॅडम मागे वळल्या आणि वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "लुपेसिना, उभी राहा."

लुपे उभी राहिली. उभं राहून ती शेवटची ओळ वाचत होती. कितीतरी महिने कोणी विचारलं असतं, तर तिने स्वतःबद्दल हेच सांगितलं असतं.

"ही बघा माझी मेलेली भाची!" मॅडम म्हणाल्या. "माझी विद्यार्थिनी आहे, आणि स्वर्गातून नाही, सकाळच्या बसने आलीय."

"सैतान!" सोलोमोना ओरडला. "सैतानाने खिडकीत शिरकाव केला!"

"सैतान कशाला हो? तुमच्या विलीने केला, माझ्या घरचा कोको पिऊन."

कोणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. एक म्हातारा उठून म्हणाला, "अरे, हा विली माझ्याकडेपण आला होता की!" मग दुसरी बाई, मग तिसरी. विलीचा चेहरा पडला. तो मागच्या दाराकडे सरकू लागला, तर दारात माणसं.

लुपेने साध्या शब्दांत सांगितलं. पानामागे एक तक्ता आहे. त्यात नाव, गाव, मरण कसं आलं आणि आवडनिवड. मजकुराचे साचे ठरलेले, फक्त मोकळ्या जागा भरायच्या. नाव तक्त्यात नसलं की प्रवासाची ओळ, म्हणजे विलीला तुमच्या घरी यायला आठवडा मिळतो. "आम्हाला हे पहिल्याच वर्षी शिकवतात," ती म्हणाली. "मी तुम्हाला दुपारपर्यंत अशी खिडकी करून देईन."

फुआतिनो मात्र हलली नव्हती.

"बाकीच्यांचं खोटं असेल," ती पुटपुटली. "माझ्या पेसामिनोचं खरं आहे. नाहीतर प्रार्थनेचं त्याला कसं कळलं?"

लुपे खाली बसली आणि आईच्या कानाशी बोलली. "आई, त्या सकाळी प्रार्थना झाली नव्हती. तुमचं भांडण झालं होतं. तू म्हणालीस, जा, पुन्हा तोंड दाखवू नकोस. तो न जेवता गेला. प्रार्थनेचं तू विलीला सांगितलंस. मी शेजारी बसून त्याला वारा घालत होते."

फुआतिनोने चटईवरून हात फिरवला.

"मला ठाऊक होतं गं," ती म्हणाली. "पडद्यावर आलं तेव्हाच ठाऊक होतं. मला वाटलं, देवाने माझं खोटं पदरात घेतलं, खरं करून टाकलं."

मग ती उठली आणि चटई घेऊन घराकडे चालू लागली.

काही लोक पुढच्या रविवारीही त्या हॉलमध्ये गेले. असे लोक सगळीकडे असतात. पण गावातल्या चर्चमध्ये पेसामिनोची शेवटची प्रार्थना झाली, आजीची चटई अंथरली गेली, आणि बोलायची वेळ आली तेव्हा फुआतिनो सगळ्यांसमोर म्हणाली, "माझा मुलगा उपाशी गेला. मी त्याला घालवून दिलं. हे खरं आहे, आणि हे माझं आहे. त्या चादरीवर जे आलं ते मीच विलीच्या पदरात टाकलं होतं, तेच त्याने मला परत वाढलं. तुमच्या घरी विली आला तर त्याला कोको द्या, पण ताटात चमत्कार दिसला की आधी उठून मागे जा आणि कोण काय शिजवतंय ते बघा. पाहुण्याने डोकावू नये म्हणतात. डोकावा. विचारा. देव असेल तर त्याला राग यायचा नाही."

त्या वेळी लुपे चर्चमागच्या स्वयंपाकाच्या झोपडीत होती. तापल्या दगडांवर पानांखाली भाजत ठेवलेले नीरफणस ती पानं बाजूला करून काढत होती. एक निसटला, तो धरायला गेली आणि बोटं दगडाला टेकली. ती ओरडली. मग तिथेच राखेत बसली आणि रडायला लागली. भावाचं नाव घेऊन, मोठ्याने, तोंड न झाकता रडली. बोटांचं निमित्त झालं.

आवाज ऐकून फुआतिनो धावत आली. तिने लेकीचा हात आपल्या हातात घेतला आणि बोटांवर फुंकर घातली.

"भाजलं का बाळा?"

"हो आई," लुपे म्हणाली. "खूप भाजलं."