गेज हातात धरू नये

कुटुंबदिन ही कल्पना ज्या साहेबाच्या डोक्यातून निघाली, त्याला बहुधा मुलं नसावीत. वर्षातून एका शनिवारी कामगारांनी बायकामुलांना कारखाना दाखवायला आणायचं. एरवी ज्या फाटकातून आम्ही जेवणाचा डबासुद्धा उघडून दाखवल्याशिवाय आत नेऊ शकत नाही, त्याच फाटकातून त्या दिवशी आजोबा, आत्या, कडेवरची पोरं असं सगळं गाव आत येणार. आणि आम्ही हसतमुखाने त्यांना यंत्रं दाखवायची.

यंदा मात्र मी स्वतःहून नाव दिलं होतं. कारण प्रमोदिनी. माझी मुलगी, वय तेरा, इयत्ता आठवी. पुढे वरचं गणित घ्यायचं की गृहविज्ञान, ते सोमवारी शाळेत फॉर्मवर लिहून द्यायचं होतं. आधी आईचं नाहीतर वडिलांचं काम प्रत्यक्ष बघा आणि मग ठरवा, असं बाईंनी वर्गात सांगितलं होतं. तिने गणित घ्यावं, असं मला वाटत होतं. वाटत होतं कसलं, जीव अडकला होता त्यात. मी मॅट्रिक होऊन पुण्याहून बंगळूरला आलो आणि माझ्याहून लहान इंजिनियरांना 'सर' म्हणता म्हणता पंधरा वर्षं गेली. पण तिला हे सांगावं तर ती म्हणे, "गणित घेऊन काय करायचं? तुमच्यासारखं रोज वैतागून घरी यायचं?"

तर हा वैताग कशापायी असतो, ते तिला एकदा दिसावं, एवढाच माझा बेत होता.

बेत घरातच फिसकटायला लागला. माझ्या बायकोने, सुलभाने, लेकीला रेशमी परकर नेसवला आणि वेणीत अबोलीचा गजरा माळला.

"अगं, तिथे यंत्रं फिरत असतात. परकर अडकला म्हणजे?"

"सगळ्यांच्या मुली नटून येणार. आपलीच तेवढी भिकाऱ्यासारखी दिसायला हवी का? आणि हे बघा, चकल्या घेतल्यात. रिकाम्या हाताने कसं जायचं?"

मी बसपर्यंत ओरडत गेलो. परकर, गजरा आणि चकल्यांचा डबा माझ्या पुढे चालत होते.

आमची तपासणीची खोली मोठ्या शेडच्या टोकाला आहे. प्रमोदिनीने चारी बाजूंना पाहिलं आणि विचारलं, "बाबा, यातलं तुम्ही काय बनवता?"

"मी बनवत नाही. दुसऱ्यांनी बनवलेलं बरोबर आहे का ते तपासतो."

"म्हणजे चुका काढता."

"हो."

"घरच्यासारखं," ती म्हणाली. सुलभा पदर तोंडाला लावून हसली.

मी राग गिळला आणि कामाला लागलो. ट्रेमधला एक बुश, म्हणजे मधे भोक असलेली पोलादी कडी, तिच्या हातात दिला. त्यावर माझा शिक्का होता, एक्केचाळीस नंबरचा. तो मारला की माल पास. मग एक इंच जाडीचं गेज दाखवलं. पोलादाचा गुळगुळीत दांडा. त्याचं एक टोक भोकात गेलंच पाहिजे आणि दुसरं जाताच कामा नये. "आणि जोर लावायचा नाही. आपल्या वजनाने जायला हवं," मी म्हणालो. गेज तिच्या हातात दिलं. तिचे डोळे जरा मोठे झाले. मला बरं वाटलं.

तेवढ्यात सुलभाने माझ्या तपासणीच्या टेबलावर चकल्या मांडल्या!

ते बिडाचं टेबल मी रोज सकाळी मलमलीने पुसतो. त्यावर बोट ठेवलं तर मी शिकाऊ पोरांना फाडून खातो. त्यावर चकलीचं तेल! शेजारच्या विभागातली चार कुटुंबं "वा, वा" करत तिथे जमली. त्यांना हाकलून, चुरा झाडून, टेबल पुसून घेईपर्यंत दहा मिनिटं गेली.

"बाबा, हे जात नाही."

मी वळलो. प्रमोदिनी बुश आणि गेज पुढे करून उभी होती. मी ते हिसकावून घेतलं आणि करून पाहिलं. गेलं नाही. ट्रेमधला दुसरा बुश घेतला, तिसरा घेतला. एकातही जाईना. सगळे मी काल पास केलेले, सगळ्यांवर एक्केचाळीस.

आमचा फोरमन देवाप्पा मागेच उभा होता. माणूस निपाणीकडचा, मनाने मोठा. हळूच म्हणाला, "असू द्या की ओ उमाकांतराव. आज पोराबाळांचा दिवस. सोमवारी बघू, सरी?"

मीही 'सरी', म्हणजे 'बरं', म्हणालो असतो तर कुणाला कळलं नसतं. पण पोरगी माझ्याकडे बघत होती. लाज वाटली, संतापही आला, आणि त्याच संतापात मी ब्रश उचलून माझ्याच शिक्क्यांवर नापासची तांबडी रेघ ओढली. "ट्रेमधले चाळीस बुश. तपासणारा मीच होतो. परत घ्या," मी म्हणालो.

देवाप्पाने गेज जागेवर ठेवायला उचललं आणि खो खो हसायला लागला. "काय ओ हे! भाकरीगत ऊन झालंय की. पोरीनं किती वेळ मुठीत धरलंतं?"

हाताच्या उबेने पोलाद फुगतं. गेज मुठीत धरू नये, हे मी प्रत्येक नव्या पोराला पहिल्याच दिवशी ओरडून सांगतो. स्वतःच्या लेकीला सांगायचं राहिलं, आणि मला स्वतःलाही आठवलं नाही. कशामुळे? चकलीमुळे! अर्धा तास ते गार टेबलावर ठेवलं आणि पुन्हा लावलं. आवाजही न करता आत गेलं. चाळीसही बुश बरोबर होते. तांबडी रेघ रॉकेलने पुसायची पाळी माझ्यावर आली. उगादीपर्यंत, म्हणजे पाडव्यापर्यंत, कँटीनमध्ये हाच विषय चालणार, हे मला दिसत होतं.

बसमध्ये प्रमोदिनी आपल्या तळहाताकडे बघत बसली. संपलं, गृहविज्ञान, असं मी मनाशी म्हटलं. शिवाजीनगर (पुण्याचं नव्हे, बंगळूरचं) आलं तेव्हा तिने तोंड उघडलं.

"बाबा, ते किती फुगतं?"

"थोडंसं."

"थोडंसं म्हणजे किती?"

"केसाहूनही पुष्कळ कमी."

"पण किती? दांडा एक इंच. माझा हात ऊन. मग नक्की किती?"

"अगं बाई, फुगतं एवढं कळलं ना? पुरे!"

"मी 'थोडंसं' म्हटलेलं तुम्हाला चालत नाही."

पंधरा वर्षं मी 'फुगतं, फुगतं' म्हणून पोरांवर खेकसत आलो होतो. किती फुगतं याचा हिशेब इंजिनियरांच्या पुस्तकात होता, माझ्याकडे नव्हता.

"मला येत नाही," मी म्हणालो. असं मी तिला आजवर कधी सांगितलं नव्हतं.

घरी पोचल्यावर परकरही न बदलता तिने फॉर्म आणून माझ्यापुढे ठेवला. तिच्या गोल अक्षरात लिहिलं होतं : वरचं गणित.

"का गं?"

"तुम्हाला येत नाही ना. मग घरात कुणाला तरी यायला हवं."

खाली पालकाची सही करायची होती. मी पेन मुठीत घट्ट धरून बसून राहिलो. अक्षरं नीट दिसेनात.

"अहो, सोडा आता ते," सुलभा म्हणाली. "नाहीतर तेही फुगेल."