पाठ नसलेला बाक

मित्रांनो, मी अम्मानमधल्या एका घरातला बाक आहे. फार जुना नाही, त्या घरातल्या छोट्या जूदपेक्षाही वयानं लहान. मला पाय नाहीत, हात नाहीत, पाठही नाही. जूदचा बाबा मुनिस वास्तुकार होता. त्यानं पांढरं सिमेंट आणि दगडाची बारीक खडी कालवून मला दिवाणखान्याच्या मधोमध ओतलं. साचा काढल्यावर तो मला दिवसच्या दिवस घोटत बसे. त्याची बायको रुबा पाणी शिंपडायची आणि त्या पाण्यात जूद पाय बुडवून बसायची.

घरात दुसरं सामान जवळजवळ नव्हतंच. लोक यायचे, माझ्या कडेवरून हात फिरवायचे, माझे फोटो काढायचे. मग बसायला मात्र स्वयंपाकघरातल्या खुर्च्या ओढायचे.

मुनिसची आई, उम्म मुनिस, त्या काळात एकदाच माझ्यावर बसली.

"पाठ करायला विसरलास, की सिमेंट संपलं रे?"

"पाठ केली की भिंत होते, आई. मग खिडकीतलं अंजिराचं झाड दिसत नाही."

"झाड मी उभ्यानं बघेन. बसायला मला पाठ लागते."

मुनिस खूप हसला होता.

थंडीत एके दिवशी तो कामावर गेला आणि परत आला नाही. हृदय बंद पडलं, असं बायका एकमेकींना सांगत होत्या. दुखवट्याच्या दिवसांत प्लास्टिकच्या खुर्च्या भाड्यानं आल्या, बिनसाखरेची कॉफी फिरली. माझ्यावर सगळ्यांनी कोट आणि पर्सा टाकल्या. मला काही वाटलं नाही. मी गार होतो. रुबाही तशीच होती. ती रडली नाही, फक्त कप धूत राहिली.

मग खुर्च्या परत गेल्या आणि दिवाणखान्यात पुन्हा मीच उरलो. उम्म मुनिस कमरेवर हात ठेवून उभी होती. ती एक उशी घेऊन आली.

"उशी नको, मावशी," रुबा म्हणाली. सासूला ती मावशीच म्हणायची. "त्याला आवडायचं नाही."

"अगं, आणि माझ्या कंबरेचं काय?"

रुबानं उशी उचलून आत ठेवली. त्याची एकही गोष्ट तिला हलवायची नव्हती.

"मग मी आपली माहेरी, इर्बिदला जाते," उम्म मुनिस म्हणाली. "भावाला गाडी आणायला सांगते. तिकडे निदान टेकायला भिंत आहे."

जूदनं हातातली पोळी खाली ठेवली. आई बोलत नाही, बाबा नाही. आता आजीही निघाली.

दुसऱ्या दिवशी उम्म मुनिस पिशवी घेऊन माझ्यावर गाडीची वाट बघत बसली. जूद गुपचूप पलीकडून आली आणि आजीच्या पाठीला पाठ लावून बसली.

"टेक ना, आजी."

"तुझी पाठ वीतभर. चपटी होशील."

"होऊ दे. पण जाऊ नको."

रुबा दारात कॉफीचा कप घेऊन उभी होती. तिनं कप माझ्यावर ठेवला आणि जूदला जरा सरकवून स्वतः सासूच्या मागे पाठमोरी बसली. अंजिराला एकही पान नव्हतं, तरी रुबा तिकडेच बघत होती.

"वजन टाका, मावशी."

"टाकलंय. तूही टाक की. हाडं टोचतायत तुझी, जेवत नाहीस."

मग रुबाचे खांदे हलायला लागले. मी दगड, मला ते फक्त खालून कळलं. उम्म मुनिस जागची हलली नाही.

खाली गाडीचा हॉर्न वाजला.

"जूद, जा," उम्म मुनिस म्हणाली. "मामाआजोबांना म्हणावं, वर येऊन कॉफी प्या. आजी कामात आहे."

मित्रांनो, माझी निगा सोपी आहे. लिंबू सांडू नका, डाग पडतो. ओल्या फडक्यानं पुसलं तरी पुरे. पण माझ्यासारख्या बाकावर कुणी एकटं बसलेलं दिसलं, तर त्याला टेकायला काही आहे का ते बघा. नसलं, तर मागे जाऊन बसा. बोलायलाच हवं असं नाही.