जोडीतली धाकटी

थोरल्या भावाचा फोन आला तेव्हा कुनिओ तोबे सॅमनला मीठ चोळत बसला होता.

"तुझ्याकडची ती आखूड तलवार घेऊन उद्या ताकेयोकडे ये," सादाओ म्हणाला.

"कशाला?"

"ये म्हटलं की यावं."

फोन बंद. सत्तरी ओलांडली तरी या गृहस्थाचा हुकूम काही सुटला नव्हता. कुनिओने हात धुतले आणि कपाटाच्या तळातून तलवार काढली. वर्षातून दोनदा तो ती काढी, पात्याला तेल लावी आणि परत ढकलून देई. आवडीने नव्हे. दिलेली वस्तू गंजू द्यायची नाही, एवढंच.

ती वडिलांनी दिली होती, तो नऊ वर्षांचा असताना. त्याचं जन्माचं घर इनागाकींचं, ते घराणं पूर्वी मुराकामी गावच्या किल्ल्याच्या चाकरीतलं. घरात तलवारींची जोडी होती, लांब ती थोरली आणि आखूड ती धाकटी. दोघींच्या मुठीखाली उडत्या रानहंसांची लोखंडी चकती, एकीची मोठी, दुसरीची लहान. तोबेंच्या घरी मूल नव्हतं आणि इनागाकींना वारस एक पुरे होता, म्हणून कुनिओला तिकडे दत्तक दिलं. निघायच्या दिवशी वडिलांनी कापडात गुंडाळलेलं काहीतरी त्याच्या हातात ठेवलं. "ही दारात काढून ठेवायची नसते. आत घेऊन जायची," म्हणाले. बाबा मुळात मोजकं बोलणारे, त्या दिवशी तेवढंच बोलले.

नव्या घरी त्याने कापड सोडलं, तर आत खरवडलेल्या म्यानाची एक आखूड तलवार. चकती साधी, हंस नाही की काही नाही. पुढच्या नववर्षाला तो पाहुण्यासारखा जुन्या घरी गेला, तेव्हा दर्शनी खोलीतल्या मांडणीवर जोडी जशीच्या तशी चकाकत होती, हंसांसकट. एवढं गणित नऊ वर्षांच्या पोरालाही येतं. मुलगा नकोसा झाला, तलवार नकोशी झाली, दोन्ही एकदमच बाहेर काढली. अठ्ठावन्न वर्षं हा सल त्याने कुणाला सांगितला नव्हता, बायकोलासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तलवार आणि एक सॅमन घेऊन गावात आला. नोव्हेंबरात मुराकामीला रिकाम्या हाताने कोण येतं? घरोघरच्या वळचणीला मासे डोकं खाली करून टांगलेले होते आणि गल्लीभर मिठाचा वास होता.

ताकेयो शिनपो पासष्टीची. तलवारींच्या म्यानांना लाखेचा रोगण चढवायचं काम तिने वडिलांकडून, गेंजिरोंकडून घेतलेलं. तिच्या कारखान्यात सादाओ आधीच मांडी घालून बसला होता. त्याने भावाकडे पाहायच्या आधी माशावरचा कागद उचलून पोट तपासलं. तलवारबाजांचं गाव ते, स्वतःचं पोट फाडून मरायची रीत त्यांची, म्हणून इथे माशाचंही पोट कुणी सलग फाडत नाही, मध्ये थोडा जोड न कापता ठेवतात.

"ठेवलाय जोड," कुनिओ म्हणाला. "तोबेंकडे गेलो म्हणून गाव विसरलो नाही."

"दोन बोटं ठेवतात. हा दीड बोट दिसतोय."

"तुझी बोटं जाड झाली असतील, दादा."

ताकेयो हसली आणि तिने चहा ओतला.

झालं होतं असं. सादाओला मूलबाळ नव्हतं, म्हणून जोडी गावच्या संग्रहालयाला द्यायचं त्याने ठरवलं. तिथल्या माणसाने हंस जुळवून पाहिले आणि तो खूश झाला. पण सादाओला पक्कं लेखी हवं होतं. जोडी अस्सल आहे असं ताकेयोने लिहून द्यावं, म्हणून तो आपण होऊन तिच्याकडे आला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"मी सांगितलं यांना," ताकेयो कुनिओला म्हणाली, "घरात आणखी कुठली आखूड तलवार असेल तर ती पाहिल्याशिवाय मी लिहिणार नाही."

"आणि मी सांगितलं, एक आहे पण ती भंगार," सादाओ म्हणाला.

भंगार. कुनिओच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्याने मुकाट्याने कापड सोडलं.

ताकेयोने तिन्ही तलवारी खिडकीपाशी नेल्या आणि म्यानं उन्हात धरली. थोरलीच्या काळ्या रंगाखालून तांबूस झाक वर आली. कुनिओच्या म्यानावर, जिथे रोगण शिल्लक होता तिथे, तशीच तांबूस झाक. सादाओची धाकटी मात्र काळी ती काळीच राहिली.

"लाख म्हातारी झाली की तांबूस होते," ती म्हणाली. "ही तिसरी अजून तरुण आहे."

"उजेडाचा काय भरवसा," सादाओ म्हणाला. "माझ्या दोघी बघ ना, झिजल्यात सुद्धा सारख्या."

"तेच तर खटकलं मला. दुसऱ्याच्या घरी गेलं की थोरली दारात काढून द्यायची. धाकटी कमरेलाच राहायची, जेवताना, बोलताना, आणि झोपताना उशाशी. मग कोण जास्त झिजेल? खऱ्या जोडीतली धाकटी कधी थोरलीइतकी चांगली दिसत नाही."

दारात काढून ठेवायची नसते. कुनिओने चहा खाली ठेवला.

"उभे राहा बरं," ताकेयो त्याला म्हणाली. तिने पाती बाजूला ठेवली, त्याच्या कमरेला पट्टा आवळला आणि दोन्ही रिकामी म्यानं त्यात खोचली, आतून त्याची धाकटी, बाहेरून थोरली. थोरलीच्या आतल्या अंगाला अंगठ्याएवढा गुळगुळीत डाग होता. धाकटीच्या बाहेरच्या अंगाला तसाच. दोन्ही डाग एकमेकांवर बरोबर येऊन बसले. मग तिने सादाओची धाकटी खोचून पाहिली. त्या जागी काहीच नव्हतं.

"पाच-सहा पिढ्या चालल्या तेव्हा हा डाग पडला," ती म्हणाली. "पातं कुणी घडवलं याला महत्त्व नाही, ती ज्याला जशी मिळतील तशी घेत. जोडी होते ती एका कमरेला राहून."

"आणि हंस?" सादाओचा आवाज बारीक झाला होता.

तिने त्याच्या धाकटीची मूठ उतरवून चकती हातात घेतली. मधल्या भोकात तांब्याच्या दोन पट्ट्या ठोकलेल्या होत्या, भोक सैल पडलं की ठोकतात तशा. त्या तिने दाबून काढल्या. मग कुनिओच्या तलवारीची मूठ आणि साधी चकती उतरवून तिथे हंस सरकवले. ते न हलता घट्ट बसले.

 मग ताकेयो बोलली, खाली मान घालून.

"मी सात वर्षांची होते. बाबा एक कोरं करकरीत म्यान मुद्दाम घासत होते, लांब तलवार शेजारी ठेवून, तिच्याकडे बघून. मी हसले, तर जन्मात एकदाच माझ्यावर ओरडले. कुणाला सांगायचं नाही म्हणाले. कुणाचं म्यान ते आज कळलं. बाबांचा हात चांगला, पण थोरलीची झीज धाकटीवर उतरवली. चुकलेच."

"आजोबा," सादाओ म्हणाला. तो भावाशी नाही, म्यानांशी बोलत होता. "आजोबांनी जोडी फोडू दिली नसती. उरावर बसले असते. म्हणून हंस इकडे ठेवले, मांडणी भरलेली दिसावी." मग म्हणाला, "तू गेल्यावर बाबा त्या मांडणीसमोर बसायचे. मला वाटायचं, घराण्याचा अभिमान. अठ्ठावन्न वर्षं मी नकलेला तेल लावतोय."

बाबांनी घरातली उत्तम वस्तू त्याला दिली होती. परक्या घरात आतपर्यंत सोबत जाणारी, म्हणून तीच दिली होती, आणि बापाला धाकात ठेवणाऱ्या आजोबांच्या डोळ्यांत धूळ फेकून दिली होती. कुनिओला रडू आलं. सदुसष्ट वर्षांच्या माणसाने लाजावं की नाही याचा विचार न करता तो रडला. नऊ वर्षांच्या त्या पोराला कुणीतरी आता जाऊन सांगायला हवं होतं, याचंच त्याला जास्त वाईट वाटत होतं.

सादाओने थोरली दोन्ही हातांनी पुढे केली. "ने. तिची धाकटी तुझ्याकडे आहे."

"नको. दोन्ही संग्रहालयाला दे. नाव इनागाकींचंच लाव. हंस धाकटीवरच राहू देत." कुनिओने नाक पुसलं. "मला ती दे."

"कुठली? ती? अरे, ती नक्कल. आजोबांना फसवायला केलेली."

"हो. माझ्यासाठी."

 सादाओने साधी चकती नकलेवर चढवायला ताकेयोला खुणावलं, आणि ते झाल्यावर ती स्वतःच कापडात गुंडाळली, चारही कोपरे नीट घेऊन. "सॅमनचा अर्धा भाग ताकेयोला ठेव," एवढंच म्हणाला.

कुनिओ घरी पोचला तेव्हा बायको दारातच उभी होती. "ठेव ते तिथेच. आधी बूट काढ, हात धू."

त्याने बूट काढले. कापडातली तलवार मात्र हातातच राहू दिली.

"ही दारात काढून ठेवायची नसते," तो म्हणाला, आणि ती घेऊन आत गेला.