आपल्या रक्ताची

बाळंतपणानंतर गुणवंती मिठासारखी पांढरी पडली. आगबोटीने मुंबईहून आलेले डॉक्टर म्हणाले, "जुनं रक्त झिजतं, हाडांच्या पोकळीत नवं घडतं. त्यासाठी हिला रोज बोकडाचं काळीज द्या, नाहीतर ही जगायची नाही."

"माझ्या लेकाचं काळीज खाल्लंनच आहे, आता बोकडाचंही खाईल," सासू सोनूबाई फणकारली. सुनेला तिने आपल्या रक्ताची कधी मानलंच नव्हतं. पण थंडगार बोटांनी गुणवंतीने तिचा पदर धरला, तशी सोनूबाई स्वतःच काळीज शिजवू लागली. आणि पुरुषांच्याही आधी सुनेचं ताट वाढू लागली.

महिन्याभराने त्या निस्तेज नखांखाली कोवळी लाली उगवली. सुनेचा हात उजेडात धरून सोनूबाई पुटपुटली, "हे रक्त माझ्या चुलीवर शिजलंय गो. आता तू आमच्याच रक्ताची."