उपवासाची गोळी

नाचणगावच्या वासुदेवरावांचा आवाज बसला आणि गावातल्या खंजिरी भजनाची रयाच गेली. पुढे आता बबनराव बसायचे, पण बबनरावांचं गाणं म्हणजे नुसती आरडाओरड! वासुदेवराव मागे भिंतीला टेकून टाळ कुटत. जरा वरचा सूर लावला की घसा खरखरायचा, छातीतली आग वर चढून तोंड आंबट व्हायचं. बायकांच्या बाजूला बसलेल्या आनंदाबाईंना नवऱ्याचं ते पडलेलं तोंड बघवत नव्हतं. त्यात भर म्हणून वासुदेवरावांनी सोमवारच्या जोडीला गुरुवार आणि शनिवारचे उपासही धरलेले. काऊन धरले, ते विचारायची सोय नाही.

शेवटी आनंदाबाईंनी त्यांना सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलंच. डॉक्टरीणबाईंनी नळी घालून घसा तपासला.

"गाठबीठ काही नाही, काका. पोटातलं आम्ल वर येऊन घसा पोळलाय. ही गोळी रोज सकाळी अनशापोटी घ्या, अर्ध्या तासानं चहा-नाश्ता. लगेच गुण यायचा नाही, धीर धरा."

घरात पित्ताचं गुलाबी औषध होतंच, आनंदाबाईंची स्वतःची पित्ताची रात्रीची गोळीही होती. मग काय, वासुदेवरावांनी तिन्हींची परीक्षाच मांडली! गुलाबी औषधानं लगेच गार वाटे, पण घटकाभरात आग पुन्हा हजर. बायकोच्या गोळीनं रात्र निभे, दिवसाचे हाल तसेच. आणि सेवाग्रामची?

"एकदम बिनकामाची!" ओसरीवर येईल त्याला ते सांगत. "इतले दिवस झाले, काई फरक नाई."

"मंग पाकिटात एवढ्या गोळ्या कशा उरल्या?" एक दिवस आनंदाबाईंनी विचारलं.

वासुदेवराव चाचरले. "उपासाच्या दिवशी कशी घेऊ? गोळीनं उपास मोडते ना."

आनंदाबाईंनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! अवो, उपासाले चहा चालते, साबुदाण्याची उसळ चालते, वरून तळलेली मिरची अन् मूठभर शेंगदाने चालते, अन् गोळी तेवढी नाई चालत? पोट जास्त पेटते त्याच दिवशी औषध बंद, अन् नावं ठेवता गोळीले!"

"आवाजासाठीच तं उपास धरले वं," वासुदेवराव खालमानेनं म्हणाले. "मोडले, अन् आवाज आलाच नाई तं?"

आनंदाबाईंचा राग जागीच विरला. गावभर वटवट करणारा हा माणूस आतून किती भ्यायला होता, हे त्यांना आत्ता कळलं. त्यांना त्याची फार माया आली.

"देव रागावला तं माह्यं नाव सांगजा," त्या म्हणाल्या. "उपास तुमचा, पाप माह्यं."

पुढच्या गुरुवारी त्यांनी स्वतः गोळी तळहातावर ठेवली, पाण्याचा गिलास पुढे केला आणि गिळेपर्यंत हलल्या नाहीत. मग शनिवारी तसंच, सोमवारी तसंच. उसळीतली मिरचीही गेली. आग आधी बसली, घसा मात्र सावकाश सुटला.

एका शनिवारी भजनात बबनरावांचा दम तुटला आणि मागून आवाज आला. थोडा जाडसर, पण पुरता चढला आणि वर टिकला. बबनरावांनी मुकाट्यानं सरकून जागा दिली.

आनंदाबाईंना रडू आवरेना.

"काऊन रडून राह्यल्या वो?" शेजारच्या प्रमिलाबाई घाबरल्या.

"रडू द्या मले," आनंदाबाई म्हणाल्या. "इतले दिवस घरातच होते, पन मालक आज घरी आल्यावानी वाटून राह्यलं."