पहिल्या थराचा माणूस

मनू हलला नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. त्याच्या पाठीवर माझे दोन्ही तळवे होते. माणूस हलायच्या आधी त्याच्या पाठीला कळतं, आणि ती पाठ मी किती वर्षं ओळखतो!

आमच्या काळाचौकीच्या गोविंदा पथकात मनू पहिल्या थराच्या मधोमध उभा राहायचा. अंगाने कपाटाएवढा, डोक्याने शाळेतल्या पोराएवढा. वरचे सगळे थर ज्याच्या जिवावर, त्याने एकच गोष्ट करायची असते, जागचं हलायचं नाही. मी मागून म्हणायचो, "मनू, मी आहे रे," की झालं. मग कुणी बोंबलो, कुणी पाणी मारो, त्याला फरक पडत नसे. माझं ऐकायचं, बाकी कुणाचं नाही, एवढाच त्याचा कायदा.

आम्ही एकाच गॅलरीत वाढलो. त्याची आई गेल्यावर तो माझ्या खोलीत आला. लालबागला मसाला कांडायच्या गिरणीत दोघेही कामाला. मी मशीनवर, तो मिरच्यांची पोती उचलायला. माझं लग्न झालं नाही, त्याचं खापर चाळ मनूवर फोडते. खरं कारण माझी जीभ आहे, पण तेवढं तोंडावर सांगायची कुणात धमक नाही.

यंदा सरावात सात थर कसेबसे लागले होते. दहीहंडीच्या दिवशी पोरं उन्हात दोन ठिकाणी सलामी देऊन गळून गेली होती. तिसऱ्या ठिकाणी स्टेजवरून कुणीतरी माइकवर डिवचलं, "काळाचौकीवाले, दमलात काय?" आमचा कप्तान विक्रांत पेटला. आठवा लावा म्हणाला. मी खालून ओरडलो, नको. डीजेच्या दणदणाटात माझं कोण ऐकतोय! वर कुणाचा तरी पाय लटपटला आणि सगळे थर एकदम खाली आले. माणसं उपसून काढली, तेव्हा तळाशी मनू होता तसाच उभा. वाकलेला, ओठ फुटलेला, हात पसरलेले. मी "सोड" म्हणालो, तेव्हा त्याने हात खाली घेतले.

हितेंद्र मात्र उठला नाही. सुभद्रावहिनींचा एकुलता एक मुलगा. मणक्याला मार बसलाय. पुन्हा चालेल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत.

वहिनींनी आकांत केला नाही. हॉस्पिटलातून निरोप पाठवला, "रविवारी मारुतीसमोर नारळ ठेवा. काय झालं ते तिथे सांगा. पोलिसांत जायचं की नाही ते मी मग ठरवीन." गावाकडनं आलेली ही रीत आमच्या चाळीत अजून आहे. नारळ ठेवायचा, गाऱ्हाणं घालायचं आणि ज्याने त्याने बोलायचं. तिथे बोललेलं मागे घेता येत नाही. खोटं बोलायची तर कुणाची छातीच होत नाही. निदान मी तसं समजत होतो.

शनिवारी विक्रांत गिरणीत आला. त्याचा चेहरा पार उतरला होता.

"लवूदा, मनू हलला असं सांग ना."

मी मशीन बंद केलं. "काय बोलतोयस तू?"

"त्याला कोण काय करणार? तो तसा आहे, सगळ्यांना माहितेय. वहिनी त्याच्यावर केस नाय करणार. माझ्यावर झाली तर मी आत जाईन. माझी पोर, ओवी, अजून शाळेत पण जात नाय रे." आणि तो गिऱ्हाइकांच्या देखत रडायला लागला.

त्याला हाकलून द्यायला हवं होतं. पण तीन वर्षांपूर्वी मनूने रागात कुणाचं तरी दार तोडलं आणि चाळ त्याला संस्थेत पाठवायला निघाली, तेव्हा हाच विक्रांत आमच्या दारात आडवा पडला होता. "आधी मला उचला," म्हणाला होता. त्या दिवशी तो नसता, तर मनू आज माझ्याजवळ नसता. एका मित्रामुळे दुसरा मला राहिला होता. आता त्या दुसऱ्याचं थोडंसं नाव खराब करून पहिल्याला वाचवायचं, एवढाच हिशोब मी केला. मनूचं काय जाणार होतं? त्याला ना नोकरीची काळजी, ना अब्रूची. हे मी खरोखर असंच मनाशी म्हणालो.

संध्याकाळी जेवताना मी त्याला समजावलं. "उद्या विचारलं तर सांगायचं, मी हललो."

मनूने घास खाली ठेवला. "पण मी हललो नाय."

"मी सांगतोय ना."

त्याने ताट दूर सारलं. मग म्हणाला, "तू सांगतोयस म्हणजे हललो असेन."

"कुणी काही बोललं तरी बदलायचं नाही. अगदी मी विचारलं तरी हेच."

"तू विचारलंस तरी हेच," तो म्हणाला. आणि जेवला नाही.

रविवारी सकाळी ओवी नेहमीसारखी धावत आली आणि खांद्यावर घे म्हणून हात वर करून उभी राहिली. मनू भिंतीला चिकटला. दोन्ही हात त्याने पाठीमागे लपवले. "नको. मी हलतो. तू पडशील."

मनूचं काय जाणार, याचं उत्तर समोर उभं होतं. या माणसाला जगात एकच गोष्ट उत्तम येत होती, आणि ती मी एका जेवणात काढून घेतली होती.

मी त्याला धरून गदागदा हलवलं. "मनू, ऐक. तू हलला नव्हतास. मी खोटं बोललो."

तो कसनुसा हसला. मी त्याची परीक्षाच घेतोय असं त्याला वाटलं. "नाय बदलणार," तो म्हणाला.

खाली मारुतीची घंटा वाजली.

चाळीतल्या परब आजोबांनी नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं. सगळे "व्हय महाराजा" म्हणाले. सुभद्रावहिनी समोरच बसल्या होत्या, मांडीवर हॉस्पिटलची पिशवी. कुणी विचारायच्या आत मी उठलो आणि सगळं सांगितलं. आठवा थर कुणी लावायला लावला, मी नको म्हणालो ते, आणि मनू तसूभरही हलला नाही ते. विक्रांतकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. तो बापडा मान खाली घालून ऐकत होता.

एवढ्यात मनू उठला. पथकात उभा राहतो तसा, पाय रोवून.

"मी हललो," तो म्हणाला.

"मनू, खाली बस!"

"मी हललो. माझ्यामुळे हितू पडला." मग माझ्याकडे बघून, चुकलो तर नाही ना अशा आवाजात, "लवूनं शिकवलंय तसंच सांगतोय ना मी?"

नारळासमोर बोललेलं सगळ्यांनी ऐकलं होतं, माझं आणि त्याचं.

वहिनी उठल्या. मला वाटलं, त्या विक्रांतकडे जातील. त्या मनूसमोर गेल्या. त्यांनी त्याचे हात हातात घेतले.

"तुला माफ केलं मी, मनू," त्या म्हणाल्या. "हितूनंपण केलं. जा आता, जेव."

मनू ढसाढसा रडला. इतका मोठा माणूस इतका रडताना मी कधी बघितला नव्हता. कालपासूनचं ओझं उतरल्यासारखा तो तिथेच खाली बसला. जे केलंच नव्हतं त्याची माफी मिळाली म्हणून माझा मित्र सुखावला होता, आणि मला ती परत घ्या म्हणायची सोय नव्हती.

वहिनी पिशवी घेऊन बाहेर निघाल्या, तसा मी मागे धावलो.

"वहिनी, तो खरंच हलला नव्हता."

"आंधळी नाय मी, लवूभाऊ. कळलं मला."

"मग माफ कशाला केलंत? आता तो जन्मभर तेच खरं धरून बसेल."

"माफ नसतं केलं, तरी तेच धरून बसला असता. निदान झोपेल तरी." त्या चपला शोधत होत्या. "मी पोलिसांत चालले. तुम्ही साक्ष द्याल?"

"देईन. विक्रांतविरुद्ध देईन, माझ्याविरुद्धही देईन. पण वहिनी, मला माफ..."

"नाय," त्या म्हणाल्या. "त्याला गरज होती, म्हणून दिली. तुम्ही मागू नका."

त्यांनी चपला घातल्या आणि त्या रस्त्याला लागल्या. मी त्यांच्या मागोमाग पोलीस स्टेशनपर्यंत गेलो, चार पावलं अंतर ठेवून.