मकबूलचाचांचा खाकरा

मी नकाशा बोलतोय. भिंतीवर लटकणारा नव्हे बरं, मोबाईलमधला. माझ्यावरच्या कुठल्याबी हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवा, तिथली मशीद नाहीतर दर्गा दिसतो अन् तिथला आवाज ऐकू येतो. बांग, दुवा, उरुसातल्या संदल मिरवणुकीचे ढोल, सगळं मी पोटात सांभाळलंय.

मला जन्म दिला धारूरच्या नसीमनं, पण थोरलं केलं गावोगावच्या लोकांनी. शिरूर कासारहून ईदगाहावरच्या गळाभेटी आल्या. ऊस तोडायला गेलेल्या संगीतानं तिकडच्या दर्ग्यावरच्या चादरीचा फोटो धाडला. त्यात तिचा निम्मा अंगठा आलाय. मला तो अंगठाबी लई आवडतो.

पण माझा लाडका ठिपका डोंगराखालच्या वाडीचा. तिथं मकबूलचाचा बांग द्यायचे. त्यांची सांजची बांग झाली की चतुराबाईच्या शेळ्या माळावरून आपोआप घराकडं वळायच्या. औंदा चाचांचा घसा दुखला अन् आवाज गेला तो गेलाच, नुसती फुसफुस उरली. नवे बिलालभाई बांग द्यायला लागले. गळा मधासारखा, पण शेळ्या ढिम्म! रोज सांजच्याला चतुराबाई काठी घेऊन माळभर पळायची.

चाचांनी तर मशिदीत जाणंच सोडलं. "तिथं आता माझं काय काम?" म्हणायचे. माळाकडं तोंड करून दारात बसून राहायचे.

त्यांना बरं वाटावं म्हणून एका सांजेला नसीम आली अन् माझ्यातली त्यांची जुनी बांग मोठ्यानं लावली. समोरच शेळ्या चरत होत्या. एकीनंबी मान वर केली न्हाई.

चतुराबाई म्हणाली, "खोटं हाय गं तुझं यंत्र."

"मावशी, आवाज चाचांचाच हाय. उलट मी धुऊनपुसून लख्ख केलाय."

"धुऊन काय काय काढलंस?"

"जास्त न्हाई. सुरुवातीचा खाकरा अन् माइकवरची टिचकी."

"अगं बये! मग शेळ्यांनी काय ऐकावं?"

नसीमनं जीभ चावली. मोबाईलमध्ये मूळ आवाज होता, तो लावला. टक् टक्. "ख्खर्रर्र... ख्खॅ!" बांग अजून सुरूबी न्हाई, तर शेळ्यांच्या माना वर अन् पाय घराकडं!

चाचांना हसू आलं. हसता हसता ठसका लागला अन् तोच जुना खाकरा घशातून निघाला. वाटेला लागलेल्या शेळ्या फिरल्या अन् थेट चाचांच्या दारात. एकीनं तर त्यांची टोपीच चाटली.

"चाचा, आवाज गेला, पण खाकरा हाय की!" चतुराबाई म्हणाली. "उद्या मशिदीत जा."

चाचा फुसफुसले, "शेळ्यांसाठी मशिदीत जाऊ?"

"शेळ्यांसाठी खाकरा अन् अल्लासाठी बसा."

दुसऱ्या दिवशी चाचा नवी टोपी घालून निघाले. बिलालभाईंनी माइक पुढं केला, "चाचा, आधी तुमी." आता रोज असंच चालतं. चतुराबाईची काठी कोपऱ्यात पडून असते.

नसीमनं माझ्यातली धुतलेली बांग काढून टाकली अन् ही दोघांची नवी ठेवली. बाबांनो, तुमीबी मला धाडाल ते न धुता धाडा. अंगठा येऊ द्या, ठसका येऊ द्या.

अन् सांजच्याला वाडीचा ठिपका दाबाल तर जरा दम धरा. आधी टिचकी, मग खाकरा, मग बिलालभाईंची गोड बांग. अन् तिच्यामागं लांबून जवळ जवळ येणारी घुंगरं.